विमानांचा वानप्रस्थ

२०२५ सालच्या सप्टेंबरच्या २६ तारखेला चंडीगड येथे भारतीय हवाई दलाने मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला. १९६३ साली दलात आलेले हे विमान. बासष्ट वर्षे त्याने चाकरी केली. या जातीची सहाशेंहून अधिक विमाने भारतातच बांधली गेली आणि त्या कामाचे मोठे केंद्र म्हणजे आपल्या नाशिकजवळचे ओझर. त्यामुळे महाराष्ट्राला तर हे विमान म्हणजे घरचेच लेकरू. आमच्या घरीही त्या दिवशी टीव्हीपुढून कोणी उठेना. समारंभ संपला, आणि नववीतल्या आमच्या चिरंजीवांनी प्रश्न टाकला, "आई, आता ती विमाने राहणार कुठे?"

एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती विचारली असती तर मी पाच मिनिटे सहज बोलले असते. वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवण्याचा एवढा तरी उपयोग आहे. परंतु हा प्रश्न माझ्या आवाक्याबाहेरचा होता. माणूस निवृत्त झाला म्हणजे त्याला निवृत्तिवेतन मिळते, गावाकडच्या घराची कौले परतता येतात, नातवंडांना बागेत नेता येते. विमानाने निवृत्त होऊन करावे काय?

उत्तरासाठी फार लांब जावे लागले नाही. आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक वयस्क गृहस्थ राहतात. सगळे त्यांना नाना म्हणतात. मूळचे मालवणकडचे. १९६८ साली अठराव्या वर्षी ते नौदलात भरती झाले आणि ऐन उमेदीची वर्षे त्यांनी गोव्याला दाबोळीच्या तळावर व 'विक्रांत' या विमानवाहू जहाजावर 'सी हॉक' नावाच्या जेट विमानाच्या पोटाखाली उताणे पडून काढली. हे उताणे पडणे त्यांच्याच तोंडचे बरे का! "वैमानिक विमानाला वरून ओळखतो, बाई," ते मला सांगतात, "आम्ही खालून ओळखतो."

नानांनी चिरंजीवांना सांगितले ते असे. निवृत्त विमानांतली पुष्कळशी भंगारात निघतात. काही तंत्रज्ञांच्या शाळांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत जातात. तिथली मुले त्यांचे पोट फाडून शिकतात. काहींना संग्रहालयात जागा मिळते. आणि काही चौकात, बागेत, छावणीच्या दारात चबुतऱ्यावर चढतात. "यांतले सगळ्यांत वाईट मरण कुठले, सांग," असे त्यांनी त्याला विचारले. तो अर्थातच भंगार म्हणाला. नाना म्हणाले, "नव्हे. चबुतरा. भंगारात निदान एका दिवसात सुटका होते."

हे बोलणे मला त्या वेळी अंमळ कडवट वाटले. पण योगायोग असा, की त्याच सुमारास आमच्या भागातल्या एका मंडळाच्या बैठकीत ठराव आला: चौकाच्या सुशोभीकरणासाठी एक निवृत्त लढाऊ विमान मिळवावे. कल्पना देखणी होती. तरुणांना स्फूर्ती, मुलांना मौज आणि सेल्फी काढणाऱ्यांना सोय. टाळ्या पडल्या. नाना उठून उभे राहिले आणि त्यांनी दोनच शब्द विचारले, "धुणार कोण?" लोक हसले. कार्यवाह म्हणाले, "नाना, अहो, आपल्याकडे पाऊस काय कमी पडतो?" नाना खाली बसले. घरी येताना जिन्यात ते मला म्हणाले, "पाऊस पडतो म्हणून तर विचारले."

हा जिन्यातला संवाद ज्यांना नीट कळायचा असेल त्यांनी भाईंदरला चार महिने राहून पाहावे. एका बाजूला वसईची खाडी, दुसऱ्या बाजूला उत्तनचा समुद्र आणि मध्ये पिढ्यान्‌पिढ्यांची मिठागरे. मिठागरे पूर्वीसारखी चालू राहिलेली नाहीत, परंतु हवेतले मीठ काही कमी झालेले नाही. आमच्या खिडक्यांच्या गजांना दर दोन वर्षांनी रंग द्यावा लागतो, सायकलची साखळी एका पावसाळ्यात तांबूस होते, आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या पिना गंजून पांढऱ्या साडीवर कायमची निशाणी सोडतात. गृहिणींना हे सारे पाठ आहे. म्हणूनच विमानाची गोष्ट त्यांना पुरुषांपेक्षा लवकर कळेल असे मला वाटते.

विमानाचा पत्रा बहुतांशी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. अ‍ॅल्युमिनियमला गंज चढत नाही असा आपला समज, कारण तांबडा रंग दिसत नाही. त्याचा गंज पांढरा असतो, पिठीसारखा. तो पत्र्याच्या आतल्या अंगाने सुरू होतो आणि फुगतो. दोन रिव्हेटांच्या मधला पत्रा उशीसारखा वर येऊ लागला की तंत्रज्ञ समजतो, आत काम सुरू झाले. पुढची पायरी म्हणजे धातूचे पदर सुटणे. बेकरीतली खारी हाताने दाबली म्हणजे जसे पापुद्रे निघतात, अगदी तसे. नानांनी एकदा अशा पत्र्याचा तुकडा मला दाखवला. नखाने तो सुटत होता! ज्या धातूवर माणसे ध्वनीच्या वेगाने जातात तो माझ्या नखाला दाद देत होता.

याशिवाय दुसरे एक दुखणे आहे. शाळेत आपण व्होल्टाचा घट शिकलो: दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या, मध्ये आम्लाचे पाणी, की वीज वाहू लागते आणि एक पट्टी झिजते. विमानात असे घट हजारांनी असतात. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात पोलादी बोल्ट, त्याच्या शेजारी कुठे मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा भाग, कारण तो आणखी हलका. कोरडे असते तोवर सारे गुण्यागोविंदाने नांदतात. खारट पाण्याचा एक थेंब मध्ये शिरला की घट सुरू. पोलाद शाबूत राहते आणि त्याच्या भोवतीचा अ‍ॅल्युमिनियम खाल्ला जातो. मॅग्नेशियम तर सगळ्यांच्या आधी जाते. उडत्या विमानात हे होऊ नये म्हणून रंग, लेप, वंगण, तपासणी यांचे रोजचे वेळापत्रक असते. निवृत्तीच्या दिवशी ते वेळापत्रक बंद होते. मीठ मात्र निवृत्त होत नाही.

पाऊस विमानाला धुतो हे खरेच आहे, पण तो वरून धुतो आणि आत भरतो. पाणी फटीफटींतून पोटात उतरते. त्याला बाहेर पडायला विमानाच्या बुडाशी बारीक भोके ठेवलेली असतात. चबुतऱ्यावरच्या विमानाची ही भोके पहिल्या वर्षी धुळीने आणि दुसऱ्या वर्षी रंगाऱ्याने बुजवलेली असतात. मग विमानाच्या पोटात पावसाळाभर पाणी साठते, त्यात कबुतरांची विष्ठा कालवली जाते, आणि वरून दर २६ जानेवारीला विमान चकाचक दिसते.

गेल्या वर्षी परीक्षेच्या कामासाठी मला एका शहरात जावे लागले. शहराचे नाव सांगत नाही. ते कोणतेही असू शकेल. तिथल्या मोठ्या चौकात असेच एक विमान होते. रंग ताजा होता, दिव्यांची माळ होती, खाली देणगीदारांच्या नावांची फरशी विमानापेक्षा जास्त उजळ होती. मी आल्यावर नानांना मोठ्या हौसेने छायाचित्र दाखवले. त्यांनी रंगाकडे पाहिलेच नाही. "पोटाखाली चबुतऱ्यावर पांढरट ओघळ आहेत, पाहिलेत? शिवाय वैमानिकाच्या डोक्यावरचा घुमट पिवळा पडलाय. हवा ओढायच्या तोंडाला जाळी नाही, म्हणजे आत पाखरांचा संसार. चाके टायरांवर उभी आहेत, खाली आधार नाही. पाच वर्षे," ते म्हणाले, "फार तर सात." वैद्याने नाडी पाहावी तसे!

या नाडीपरीक्षेची सवय त्यांना लागली ती जहाजावर. १९७१ च्या डिसेंबरात विक्रांत बंगालच्या उपसागरात होते आणि तिथून उडून सी हॉक विमानांनी कॉक्स बझार, चितगाव या ठिकाणी मारा केला, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. नाना त्या माऱ्याबद्दल फारसे बोलत नाहीत. ते बोलतात पाण्याबद्दल. समुद्रावरून आलेल्या विमानाच्या अंगावर मिठाचा थर असतो. तो गोड्या पाण्याने धुतलाच पाहिजे. जहाजावर गोडे पाणी मोजून मिळे. "आमची आंघोळ राहिली तर चालायची," नाना सांगतात, "विमानाची राहिली तर साहेब कान उपटायचे. आठ-आठ दिवस माणसाच्या अंगाला घामाचा वास, आणि विमान मात्र न्हाऊन-माखून बसलेले. माझी बायको नंतर म्हणायची, एवढी काळजी आमची कधी घेतली नाहीत."

सी हॉक हे विमान तसे आडमुठे. ब्रिटनच्या हॉकर कंपनीने काढलेले, आत रोल्स-रॉइसचे 'नीन' इंजिन. जहाजावर जागा थोडी म्हणून त्याचे पंख मधोमध मिटतात. जिथे मिटतात तिथे बिजागऱ्या, आणि जिथे बिजागरी तिथे पाणी. कपाटाच्या बिजागरीला तेल घालणाऱ्या कोणालाही हे पटेल. इंजिनाचा धूर बाकीच्या जेट विमानांसारखा शेपटीतून निघत नाही. नळी आत दुभंगते आणि दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर पडते. उडताना त्याचा फायदा. उभे राहिल्यावर मात्र ती दोन तोंडे म्हणजे पाणी, पाने आणि पाखरे यांना दिलेली दोन आमंत्रणे. भारताने ही विमाने १९६० पासून वापरली, त्यांत पुढे पश्चिम जर्मनीने वापरून सोडलेली दोन डझनांहून अधिक विमाने येऊन मिळाली. म्हणजे आपण ती दुसऱ्यांदा नांदवली. १९८३ च्या डिसेंबरात सी हॅरिअर दाबोळीला आले आणि सी हॉकचे दिवस संपले.

विमान संग्रहालयात ठेवायचे म्हणजे आणून उभे करायचे, एवढेच मलाही वाटत होते. प्रत्यक्षात ती एक शस्त्रक्रिया असते, आणि तिची सुरुवात भीतीपासून होते. वैमानिकाला संकटात बाहेर फेकणारी जी इजेक्शन सीट, तिच्याखाली स्फोटक काडतुसे असतात. विमान निवृत्त झाले म्हणून काडतुसे निवृत्त होत नाहीत. उलट जुनी झाली की त्यांचा भरवसा आणखी कमी. ती आधी काढायची. घुमट उडवणारी काडतुसे काढायची. इंधन, दाबाखालचे तेल, प्राणवायूच्या बाटल्या, बॅटऱ्या, सारे रिकामे करायचे. चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या विमानांत काट्यांवर आणि आकड्यांवर रेडियमचा रंग असे, रात्री चमकावा म्हणून. तो किरणोत्सर्गी असतो, तेव्हा त्या तबकड्यांना उघड्या हाताने खेळण्यासारखे हाताळायचे नाही.

मग वजनाचा हिशेब. इंजिन काढून घेतले की विमानाचा तोल बिघडतो, म्हणून आत दुसरे वजन ठेवावे लागते. पाय मिटणारे असतात, ते पक्के जखडावे लागतात. टायरवर भार ठेवायचा नाही. रबर एकाच जागी दबून तडकते. आणि विमान जमिनीला बांधायचे. हे ऐकून आमच्या चिरंजीवांना हसू आले. इंजिन नसलेले विमान कशाला पळून जाईल? नाना म्हणाले, "अरे, इंजिन काढल्याने ते हलके झाले. आणि पंखाला कुठे ठाऊक आहे आपण निवृत्त झालो ते? वारा समोरून आला की तो आपले काम करणारच." २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गोव्यावरून आणि आमच्या किनाऱ्यावरून गेले तेव्हा आमच्या गच्चीवरचे पत्रे उडाले, ते त्याला आठवत होते. तो गप्प बसला.

गोव्याला बोगमाळोच्या रस्त्यावर, दाबोळी विमानतळाजवळ, नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. ते १९९८ साली उघडले. दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत गोव्याला जाणाऱ्या कुटुंबांनी समुद्रकिनाऱ्यावरचा एक तास कमी करून तिथे जावे अशी माझी शिफारस आहे. तिथे सी हॉक आहे, सी हॅरिअर आहे, पाणबुड्या शोधणारे फ्रेंच अलिझे आहे, आणि प्रचंड सुपर कॉन्स्टेलेशन आहे, जे आधी एअर इंडियात, मग हवाई दलात आणि शेवटी नौदलात राबले. आम्ही नानांना बरोबर घेऊन गेलो होतो. माहितीच्या पाट्या आम्ही वाचल्या. नाना सी हॉकपाशी गेले, पंच्याहत्तराव्या वर्षी गुडघ्यांवर बसले आणि बराच वेळ त्याच्या पोटाखाली पाहत राहिले. आजूबाजूची मुले त्यांच्याकडे पाहू लागली. ते उठले तेव्हा मी विचारले, "काय दिसले?" म्हणाले, "ओळख लागली."

त्याच संग्रहालयात एक व्हँपायर आहे. या विमानाबद्दल मला जे कळले ते मी आजवर दहा जणांना सांगितले आहे आणि दहाही जणांनी अविश्वास दाखवला आहे. १९४८ साली भारतीय हवाई दलात आलेले पहिले जेट विमान व्हँपायर, आणि त्याचा पुढचा भाग, जिथे वैमानिक बसतो तो, लाकडाचा! प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्सा नावाचे अतिशय हलके लाकूड, सगळे चिकटवून साच्यात दाबलेले. जेटचे युग सुताराच्या हातून सुरू झाले म्हणा ना. अशा विमानाला कोकणचा पाऊस म्हणजे काय ते जुन्या वाड्यात राहिलेल्यांना सांगायला नको. धातूच्या विमानात पाणी गेले तर गंज. लाकडी विमानात गेले तर आतून भुसा. वरचा रंग शेवटपर्यंत शाबूत राहतो.

रंगाची गोष्ट निघालीच आहे तर थोडे विषयांतर करते. जुने विमान दुरुस्तीला घेतले म्हणजे आपल्याकडचा पहिला उत्साह असतो नवा रंग फासण्याचा. जाणते लोक उलट करतात. ते जुना रंग हळूहळू घासत थर मोजतात. एका थराखाली दुसऱ्या स्क्वाड्रनचे चिन्ह सापडते, त्याखाली तिसरा क्रमांक, त्याखाली मूळ मालकाचा. मला यात एकदम एकनाथ आठवले. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, म्हणजे काय केले? नंतरच्या हातांनी चढवलेले थर काढले. आपल्या ओव्या त्यात घालण्याचा मोह त्यांना झाला नाही, आणि ते स्वतः थोर कवी होते! विमानावर मात्र ज्याच्या हातात डबा आहे तो आपला रंग लावतो. एखादे विमान जो रंग आयुष्यात कधी ल्यायले नाही त्या निळ्या-नारिंगी रंगात चौकात उभे असलेले पाहिले की मला ती भ्रष्ट पोथीच वाटते.

पण शुद्ध प्रत आणि चालती प्रत यांत भांडण आहेच. विमान जसे होते तसे ठेवायचे असेल तर त्याचा प्रत्येक झिजलेला भाग जपायचा. ते पुन्हा उडवायचे असेल तर तोच भाग काढून फेकायचा. परदेशांत हा दुसरा छंद, किंवा वेड, मोठ्या प्रमाणावर आहे. अमेरिकेत आर्ट नॉल्स या निवृत्त लेफ्टनंट कर्नलने ब्रिटिश नौदलाचे मोडीत निघालेले सी हॅरिअर विकत घेतले आणि २००७ साली आकाशात चढवले. ज्या जातीची विमाने आपले नौदल त्या वेळी वापरतच होते त्याच जातीचे! ब्रिटनमध्ये 'व्हल्कन' या अवाढव्य बाँबफेकी विमानासाठी लोकांनी वर्गणी काढली. ते २००७ साली उडाले आणि २०१५ पर्यंत उडत राहिले. इंजिन चालू होते, पैसा येत होता. पण ज्या कंपन्यांच्या तज्ज्ञांनी 'हे सुरक्षित आहे' असे लिहून द्यायचे, त्यांनी यापुढे ती जबाबदारी घेता येणार नाही असे सांगितले. जाणती माणसे निवृत्त होत चालली होती. त्याच व्हल्कनची एक हकीकत नाना फार रंगवून सांगतात. उभ्या विमानाच्या इंजिनाला दमट हवा लागू नये म्हणून हवेच्या तोंडात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवतात, आपण औषधाच्या बाटलीत पाहतो तशा, फक्त मोठ्या. २०१२ साली त्या काढायच्या राहिल्या. विमान धावपट्टीवर निघाले, पुड्या आत ओढल्या गेल्या आणि दोन इंजिने कामातून गेली. ओलीपासून वाचवणाऱ्या वस्तूनेच घात केला.

हा छंद नुसत्या पैशाच्या नुकसानीवर थांबत नाही. २२ ऑगस्ट २०१५ रोजी इंग्लंडमध्ये शोरहॅम येथे जुने हंटर विमान कसरत करताना रस्त्यावर कोसळले आणि ११ माणसे गेली. हंटर आपल्या हवाई दलातही होते; १९७१ च्या लोंगेवालाच्या लढाईने ते सर्वांना माहीत झाले. चौकशीत दिसले की कसरतीत वेग आणि उंची कमी पडली, यंत्र दगावले नव्हते. तथापि अवशेष तपासताना इजेक्शन सीटच्या काडतुसांची मुदत उलटून गेल्याचेही आढळले, आणि मदतीला धावणाऱ्यांना त्याचा केवढा धोका होता हे तेव्हा लोकांच्या ध्यानात आले. म्हणून आपल्याकडे खाजगी माणसांनी लढाऊ जेट उडवू नयेत याचे मला मुळीच दुःख नाही. उभी आहेत तीच नीट उभी राहिली तर पुष्कळ.

आणि उभे ठेवणेसुद्धा किती कठीण! विक्रांत जहाज मुंबईत २००१ पासून संग्रहालय म्हणून उभे होते. पोटात सी हॉक होते, अलिझे होते. शाळांच्या सहली जात. २०१२ साली ते धोकादायक म्हणून बंद झाले, २०१४ साली भंगारात विकले गेले आणि दारूखान्याच्या किनाऱ्यावर तुटले. त्याच्या लोखंडाचा काही अंश एका मोटारसायकलीच्या टाकीत गेला आणि तिची जाहिरात आपण सर्वांनी पाहिली. नानांच्या धाकट्या भावाने ती विकत घेतली. नाना तिच्यावर बसत नाहीत. भावाला ते कधी बोललेही नाहीत. जिना उतरताना टाकीवर हात ठेवून पुढे जातात. विराटची गोष्ट त्याहून लवकर आटोपली: २०१७ साली निवृत्ती, २०२० साली अलंग. जहाज ठेवायला पैसा नव्हता असे आपण म्हणतो. ते खरे आहे, पण अर्धे. उभारण्याचा पैसा आपल्याकडे नेहमी निघतो. त्याला कोनशिला असते, हार असतात, छायाचित्र असते. धुण्याच्या पैशाला काहीच नसते.

आमच्या मंडळाचे काय झाले ते सांगून टाकते. पुढच्या बैठकीला नानांनी एक कागद नेला. त्यात वर्षाला किती वेळा धुवावे, कोणत्या उंचीचा मचाण लागेल, घुमटाला कापडी आच्छादन, जाळ्या, पावसाळ्याआधीची तपासणी, जखडण्याच्या साखळ्या, छप्पर असल्यास काय वाचेल, असे सगळे होते. शेवटी एक ओळ होती: पहिली पाच वर्षे मी स्वतः येईन. कार्यवाहांनी तो कागद दोनदा वाचला. त्यांनी हसण्यावारी नेले नाही, हे त्यांचे मोठेपण. चौकात तूर्त विमान येणार नाही. त्या जागी पाण्याची टाकी आणि बाके होत आहेत. चिरंजीव आठवडाभर माझ्याशी आणि नानांशी अबोला धरून होते.

अबोला सुटला तो एका वहीमुळे. नानांना जे येते ते कुठे लिहिलेले नाही. म्हणजे इंग्रजी पुस्तिकांत पुष्कळ आहे, पण ती विमान उडते आहे असे धरून लिहिलेली. विमान थांबल्यावर त्याचे काय करावे, तेही आपल्या दमट खारट हवेत, हे त्यांच्या हातात आहे. तेव्हा ठरले की नानांनी सांगावे, चिरंजीवांनी लिहावे आणि मी भाषा पाहावी. पहिल्याच दिवशी मी 'रिव्हेट' या शब्दाला मराठी प्रतिशब्द सुचवला. नाना म्हणाले, "बाई, दाबोळीला पंजाबी, तामिळ, बंगाली, मालवणी, सगळे रिव्हेटच म्हणत होते. तुमच्या शब्दाने ठोकायला गेलो तर वाकडे जाईल." तेव्हापासून मी फक्त ऱ्हस्वदीर्घ पाहते. मात्र त्यांचे स्वतःचे काही शब्द मी टिपून घेतले आहेत. ओला पत्रा ठोकला की येणाऱ्या आवाजाला ते 'बद्द' म्हणतात आणि निरोगी पत्र्याच्या आवाजाला 'खण'. 'बद्द लागला तर थांबावे', असे वहीत आहे.

चिरंजीवांचे अक्षर बेताचे आहे, पण वाचता येते. निचऱ्याच्या भोकांवर अडीच पाने झाली: पावसाळ्यापूर्वी प्रत्येक भोक मऊ तारेने मोकळे करावे, पोलादी तार वापरू नये, मग वरून एक तांब्या पाणी ओतून खाली भांडे धरावे आणि ओतले तेवढे बाहेर आले का ते मोजून पाहावे. कमी आले तर उरलेले कुठे आहे ते सापडेपर्यंत जेवायला जाऊ नये. हे शेवटचे वाक्य काढायचे का, असे चिरंजीवांनी विचारले. नाना नको म्हणाले. सध्या वही चाकांपर्यंत आली आहे.